लॅब्राडूडल: नाव खपलं, तपासणी मागे राहिली

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा लोकलमध्ये रेंज गेली की आवाज तुटतो, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलण्यात होतं तसंच ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न घरगुती आहे. समजा, घरात चार-पाच वर्षांचं मूल आहे. ते कुत्र्यासाठी हट्ट धरून बसलंय. फ्लॅट छोटा. आईचं म्हणणं, सोफ्यावर केस दिसले तर कुत्रा आणि तुम्ही, दोघंही बाहेर. शिवाय घरात कुणाला तरी धुळीने शिंका येतात. मग आपण काय करतो? फोन काढतो आणि शोधतो: केस न गळणारा, मुलांशी चांगला वागणारा कुत्रा. लगेच यादी येते. पूडल, शिट्झू, माल्टीज, पोर्तुगीज वॉटर डॉग, लॅब्राडूडल. आणि प्रत्येकापुढे एक भारदस्त शब्द: ‘हायपोॲलर्जेनिक’. म्हणजे ॲलर्जी कमी उठवणारा.

ही यादी आली कुठून? तो शब्द आला कुठून? तो खरा आहे हे कुणी मोजून पाहिलं का? आज हाच इतिहास बघू. फार जुना नाही, जेमतेम पस्तीस-चाळीस वर्षांचा. पण त्यात एक माणूस आहे, त्याने एक अवघड काम अगदी नीट केलं. जगाने त्याच्या कामातला सोपा भाग उचलला आणि अवघड भाग तिथेच सोडून दिला.

हवाईहून आलेली मागणी

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात अंध लोकांसाठी कुत्रे तयार करणारी एक संस्था होती, रॉयल गाइड डॉग्ज. तिथे १९८०च्या दशकात वॉली कॉन्रन नावाचे गृहस्थ कुत्र्यांच्या पैदाशीचं काम बघत. गाइड डॉग म्हणजे अंध माणसाला रस्ता ओलांडून देणारा, पायरी आली की थांबणारा, गर्दीत न बिथरणारा कुत्रा. या कामासाठी लॅब्राडोर नावाजलेला. शांत, शिकायला उत्सुक, माणसांवर जीव टाकणारा.

कॉन्रन यांच्याकडे हवाईहून एक मागणी आली. एका अंध बाईंना गाइड डॉग हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. आता विचार करा, त्या बाईंसाठी कुत्रा म्हणजे हौस नव्हती. एकटीने घराबाहेर पडता येणं न येणं त्याच्यावर अवलंबून होतं. आणि नवऱ्यासाठी तोच कुत्रा म्हणजे रोजचं चोंदलेलं नाक आणि धाप. एकाच घरात दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध.

कॉन्रन यांना आधी वाटलं, सोपं आहे. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, मग पूडललाच शिकवू. पूडल म्हणजे काही नुसतं फॅन्सी हेअरकटवालं खेळणं नाही, हे इथे सांगायला हवं. तो मुळात पाण्यातून शिकार उचलून आणणारा कामाचा कुत्रा. त्याचं नावच पाण्यात डुबुक-डुबुक करण्याच्या जर्मन शब्दावरून आलंय. तो प्रसिद्ध कटसुद्धा असाच आला: पोहताना जड होऊ नये म्हणून बाकीचे केस कापायचे, छाती आणि सांध्यांवर मात्र ऊब राहावी म्हणून ठेवायचे. आणि डोक्याने अतिशय तल्लख.

तर कॉन्रन यांनी पूडल तपासायला सुरुवात केली. त्यांच्याच सांगण्यानुसार तीन वर्षांत ३३ पूडल बघितले. एकही गाइड डॉगच्या कामाला उतरला नाही. हुशारी होती, पण या कामाला लागणारा स्वभाव नव्हता.

इथे जरा थांबू. एका जोडप्यासाठी तीन वर्षं आणि ३३ कुत्रे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी गोष्ट ३३ वेळा टेस्टमध्ये नापास झाली तर आमच्याकडे कुणीतरी हळूच सुचवतं, ‘टेस्टच जरा सैल करूया का?’ कॉन्रन यांनी टेस्ट सैल केली नाही. त्यांनी वेगळा मार्ग धरला.

तीन पिल्लं

त्यांनी पूडल आणि लॅब्राडोर यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. आता खरी गंमत पुढे आहे. ‘अर्धा पूडल आहे, म्हणजे चालेल’ असं म्हणून त्यांनी पिल्लू विमानात बसवलं नाही. तिन्ही पिल्लांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले. त्या नवऱ्यावर ते तपासले गेले. तिघांपैकी एकाचा त्याला त्रास झाला नाही. त्या पिल्लाचं नाव सुलतान. सुलतान पुढे शिकला, हवाईला गेला आणि त्या बाईंबरोबर त्याने वर्षानुवर्षं काम केलं.

आकडा लक्षात ठेवा. एकाच आईची, एकाच बापाची तीन पिल्लं, आणि त्यातलं एक चाललं. कॉन्रन यांनी पुढे सांगितलंय की नंतरच्या एका वेतात दहा पिल्लं झाली, त्यातली ॲलर्जीच्या कसोटीला फक्त तीन उतरली. म्हणजे ज्या माणसाने हा कुत्रा तयार केला, त्याला पहिल्याच दिवसापासून ठाऊक होतं की जातीवरून खात्री देता येत नाही. प्रत्येक पिल्लू वेगळं तपासावं लागतं.

फोन का वाजायला लागले

आता उरलेल्या पिल्लांचा प्रश्न आला. गाइड डॉगची पिल्लं लहान असताना सामान्य घरांत ठेवतात. तिथे ती माणसांची, मुलांची, रस्त्याच्या आवाजाची सवय करून घेतात आणि मग शिकायला येतात. अशी पिल्लं सांभाळायला तयार असलेल्या लोकांची यादी संस्थेकडे होती. पण सगळ्यांना शुद्ध जातीचं पिल्लू हवं होतं. ‘मिक्स’ कुणालाच नको.

तेव्हा कॉन्रन संस्थेच्या प्रसिद्धी विभागाकडे गेले आणि म्हणाले, जाहीर करा की आपण नव्या प्रकारचा कुत्रा तयार केलाय, लॅब्राडूडल. हे १९८९ च्या सुमाराचं. बातमी आली आणि फोन खणखणायला लागले. कालपर्यंत ज्याला कुणी हात लावत नव्हतं, त्याच्यासाठी आज रांग. पिल्लं तीच होती. फक्त नाव नवं होतं.

तसा हा शब्द आधीही कुणीतरी वापरला होता. पाण्यावरच्या वेगाचे विक्रम करणारा ब्रिटिश डोनाल्ड कॅम्पबेल याने १९५५ च्या आपल्या पुस्तकात त्याच्याकडच्या अशाच मिश्र कुत्र्याला लॅब्राडूडल म्हटलंय. अमेरिकेत कॉकर स्पॅनिएल आणि पूडल यांचा कॉकापूही त्या आधीपासून होता. पण बाजार तयार झाला तो ऑस्ट्रेलियातल्या या प्रसंगानंतर. मग गोल्डनडूडल, कॅव्हापू, बर्नेडूडल... पूडलला कुणाशीही जोडा, मागे ‘डूडल’ किंवा ‘पू’ लावा, किंमत वाढवा.

आणि या सगळ्यात काय गळून पडलं? हवाईला पाठवलेली ती लाळेची नि केसांची पाकिटं. नाव बाजारात गेलं, तपासणी केनेलमध्येच राहिली.

कॉन्रन यांना हे फार लागलं. २०१९ मध्ये, वयाच्या नव्वदीत, ऑस्ट्रेलियाच्या एबीसीच्या एका पॉडकास्टमध्ये त्यांनी सांगितलं की लॅब्राडूडल ही आपल्या आयुष्यातली खंत आहे. त्यांची तक्रार त्या कुत्र्यांवर नव्हती. आईबापांचे आजार न तपासता, स्वभाव न बघता, नुसत्या नावावर पिल्लं विकणाऱ्या लोकांवर होती.

शब्दाची वेगळी केस

आता ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दाकडे वळू. हा शब्द कुत्र्यांच्या दुनियेतला नाहीच. तो आला सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींतून. १९५०च्या दशकापासून क्रीम-पावडरच्या डब्यांवर तो दिसायला लागला.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, १९७५ मध्ये नियम काढला: हा शब्द डब्यावर छापायचा असेल तर माणसांवर चाचणी करून दाखवा की तुमच्या क्रीमने इतरांपेक्षा खरोखर कमी त्रास होतो. मागणी साधी होती. पण आल्मे आणि क्लिनीक या दोन कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये अपील कोर्टाने तो नियम रद्द केला. तेव्हापासून अमेरिकेत या शब्दाची सरकारी व्याख्याच नाही. कंपनीने ठरवायचं, त्याचा अर्थ काय.

जो शब्द क्रीमच्या डब्यावरसुद्धा चाचणीशिवाय चालतो, तोच पुढे जिवंत प्राण्याच्या गळ्यात अडकवला गेला.

व्हाइट हाउसचा कुत्रा

४ नोव्हेंबर २००८. बराक ओबामा निवडणूक जिंकले. विजयाच्या भाषणात त्यांनी आपल्या मुलींना जाहीर वचन दिलं की व्हाइट हाउसमध्ये आपल्याबरोबर नवं पिल्लू येणार. तीनच दिवसांनी पत्रकार परिषदेत कुत्र्याचा विषय निघाला. ते म्हणाले, थोरल्या मालियाला ॲलर्जी आहे म्हणून कुत्रा हायपोॲलर्जेनिक हवा, पण आम्हाला तर निराधार प्राण्यांच्या आसऱ्यातून आणायला आवडेल. बघा, जगातल्या सगळ्यात ताकदवान घरातली अडचणही तुमच्या-आमच्यासारखीच. जानेवारीत त्यांनी सांगितलं की यादीत दोनच उरलेत: लॅब्राडूडल किंवा पोर्तुगीज वॉटर डॉग.

एप्रिल २००९ मध्ये ‘बो’ आला. काळा-पांढरा, कुरळ्या केसांचा पोर्तुगीज वॉटर डॉग. ही जात पोर्तुगालच्या कोळ्यांची. जाळ्याकडे मासे हाकणं, एका होडीवरून दुसरीवर निरोप नेणं, ही यांची कामं. यांत्रिक बोटी आल्या, कुत्र्यांचं काम संपलं आणि जातही जवळजवळ संपली. १९३०च्या दशकात व्हास्को बेन्साउडे नावाच्या पोर्तुगीज उद्योजकाने उरलेसुरले कुत्रे शोधून ती टिकवली.

बो आल्यावर लोकांनी काय लक्षात ठेवलं? जातीचं नाव. ‘ओबामांकडे आहे तो, तोच आपल्याकडे हवा.’ लोकांनी काय लक्षात ठेवलं नाही? बो तेव्हा सहा महिन्यांचा होता, म्हणजे त्याचा स्वभाव थोडा कळलेला होता. आधीच्या घरी जमलं नाही म्हणून तो परत आलेला होता. सिनेटर टेड केनेडी यांनी तो भेट दिला, आणि केनेडींच्या कुत्र्यांना शिकवणाऱ्यांकडून त्याला शिकवून घेतलं होतं. जाहीर करण्यापूर्वी ओबामा कुटुंबाने त्याला एकदा गुपचूप व्हाइट हाउसमध्ये बोलावून भेटही घेतली होती. म्हणजे इथेही पुन्हा तेच. ज्यांनी निवड केली त्यांनी तो एक कुत्रा बघून घेतला. ज्यांनी टीव्हीवर पाहिलं त्यांनी जात बघितली.

मग कुणीतरी मोजलं

आता आकड्यांकडे. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. कुत्र्याची ॲलर्जी केसाची नसते. ती काही प्रोटीनची असते. त्यातलं एक मुख्य प्रोटीन, शास्त्रज्ञ त्याला ‘कॅन एफ १’ म्हणतात, कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतं. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, कोंडा सुटतो आणि हे सगळं धुळीबरोबर घरभर फिरतं. केस हे फक्त वाहन. केस कमी गळाले म्हणून लाळ आणि कोंडा तयार व्हायचा थांबत नाही.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी एक अभ्यास छापला. एकच कुत्रा असलेली १७३ घरं. प्रत्येक घरात नुकतंच जन्मलेलं बाळ. बाळाच्या खोलीतली धूळ गोळा केली आणि त्यात कॅन एफ १ किती आहे ते मोजलं. तथाकथित हायपोॲलर्जेनिक कुत्र्यांची घरं आणि बाकीच्या कुत्र्यांची घरं यांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ३५६ कुत्र्यांच्या केसांचे आणि अंगावरून घेतलेले नमुने तपासले. त्यात तर उलटंच दिसलं. हायपोॲलर्जेनिक म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या अंगावर हे प्रोटीन सरासरीने जास्त निघालं. हां, लॅब्राडूडल असलेल्या घरांत जमिनीवरच्या धुळीत ते कमी होतं, हेही त्याच अभ्यासात आहे. पण हवेत, म्हणजे आपण श्वास घेतो तिथे, जातींमध्ये फरक दिसला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एका जातीपेक्षा दुसऱ्या जातीत जेवढा फरक होता, त्याहून कितीतरी जास्त फरक एकाच जातीच्या दोन कुत्र्यांमध्ये होता.

आठवली ती तीन पिल्लं? प्रयोगशाळेने वीस-बावीस वर्षांनंतर जे आकड्यांत मांडलं, ते कॉन्रन यांना दोन-चार पाकिटांतून आधीच कळलं होतं.

अजून एक बारीक पण कामाची गोष्ट. ‘कॅन एफ ५’ नावाचं दुसरं एक प्रोटीन फक्त नरांच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. काही लोकांना केवळ त्याचीच ॲलर्जी असते. अशा माणसाला एखाद्या महागड्या डूडल नरापेक्षा गल्लीतली मादी जास्त मानवू शकते. हे रक्ततपासणीत कळू शकतं, म्हणून ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारायला हवं.

केस जातात कुठे?

बरं, ॲलर्जी बाजूला ठेवू. घरात कुणाला ॲलर्जी नाही, फक्त झाडू मारून कंबर मोडायला नकोय. मग तर पूडल किंवा डूडल बरोबर ना?

काही प्रमाणात, हो. पूडल, शिट्झू, माल्टीज यांचे केस जमिनीवर खरंच कमी पडतात. त्यांचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे बराच काळ वाढत राहतात. पण जे सुटतात ते पडत नाहीत, बाकीच्या केसांतच अडकतात. मग गुंता होतो. गुंत्याची जट होते. जट ओली राहिली की खाली त्वचा खराब होते, ओढ बसून दुखते. म्हणून रोज किंवा एक दिवसाआड विंचरायचं आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी कापून घ्यायचं. कुत्र्याच्या आयुष्यभर, म्हणजे बारा-पंधरा वर्षं. झाडूचं काम वाचलं, कंगव्याचं वाढलं. मुंबई-कोकणच्या दमट पावसाळ्यात तर अजूनच. पोळ्या लाटून झाल्यावर रोज अर्धा तास विंचरत कोण बसणार, हे घरात आधीच ठरवा. बहुतेक घरांत ते काम न विचारता आईच्या गळ्यात पडतं.

आणि डूडलच्या बाबतीत तर केस कमी गळतील याचीसुद्धा हमी नाही. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. कुत्र्यांच्या केसांचे इतके प्रकार दिसतात, त्यातले बहुतेक फक्त तीन जनुकांच्या वेगवेगळ्या जोड्यांतून येतात. एक जनुक केसांची लांबी ठरवतं, एक कुरळेपणा, आणि एक दाढी-मिशा-भुवयांचे राठ केस. पूडलकडे दाढी-मिशीवालं जनुक असतं, लॅबकडे नसतं. पहिल्या पिढीत प्रत्येक पिल्लाला त्याची एक प्रत मिळते. पण दोन लॅब्राडूडलची जोडी लावली की चारांतल्या सरासरी एका पिल्लाला ते मिळतच नाही. ते पिल्लू दिसायला गुळगुळीत आणि लॅबसारखे केस गाळणारं निघतं. म्हणजे ‘दोघांतलं चांगलं तेवढं उतरेल’ असा काही नियम निसर्गात नाही. पूडलचा उत्साह आणि लॅबचे केस, हीसुद्धा एक जोडी असते.

मुलांशी चांगला म्हणजे कोण?

यादीतला दुसरा शब्द: ‘मुलांशी चांगला’. इथेही आपण जातीचं नाव विचारतो. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्येच एक मोठा अभ्यास आला. मालकांकडून हजारो कुत्र्यांच्या वागण्याची माहिती घेतली आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे डीएनए वाचले. निष्कर्ष असा की एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो. बाकीचं त्या कुत्र्याचं स्वतःचं, त्याच्या लहानपणाचं, त्याला मिळालेल्या घराचं.

लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा अनोळखी नसतो. तो घरातला, शेजारचा, ओळखीचाच असतो. तो जेवत असताना ताटलीत हात घातला, झोपेत मिठी मारली, शेपूट ओढली. कुत्रा आधी मान वळवून, अंग ताठ करून, गुरगुरून सांगत असतो. मूल ते वाचू शकत नाही. म्हणून लहान मूल आणि कुत्रा, दोघांना एकटं सोडायचं नाही. मग तो कितीही गोड असो, आणि त्याच्या जातीचं वर्णन कितीही गोड असो.

आपल्याकडची पडद्यावरची निवड

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे काय? १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला. त्यातला पांढराशुभ्र टफी, ज्याला आपण सरसकट ‘पामेरियन’ म्हणतो तो, म्हणजे इंडियन स्पिट्झ. घराघरात तसाच कुत्रा दिसायला लागला. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर, त्यामुळे मोसम बदलला की घरात कापूस पिंजल्यासारखं. मग २००३ मध्ये हचची जाहिरात आली. गोव्यात चित्रित झालेली, लहान मुलाच्या मागे-मागे चालणारा पग. पुन्हा तीच लाट. केस आखूड म्हणून लोकांना वाटलं, हा गाळणार नाही. पग भरपूर केस गाळतो, फक्त ते आखूड असल्याने कपड्यांत टोचून बसतात. शिवाय चपट्या नाकामुळे आपल्या उन्हाळ्यात त्याला श्वास घ्यायला त्रास होतो तो वेगळाच.

म्हणजे आपणही तेच केलं. चित्र बघितलं, नाव विचारलं, पिल्लू आणलं. आता मॉलमध्ये आणि रीलमध्ये शिट्झू दिसतो, उद्या डूडल दिसेल.

मग करायचं काय?

कॉन्रन यांनी जे केलं तेच, आपल्या आवाक्यात.

एक. नक्की कुणाला, कशाची ॲलर्जी आहे ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. मुलाला दमा असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊच नका.

दोन. जो कुत्रा घरी येणार आहे, त्याच कुत्र्याबरोबर वेळ घालवा. त्या जातीच्या दुसऱ्या कुत्र्याबरोबर नाही. एकदा नाही, तीन-चार वेळा, बंद खोलीत, तासभर तरी. त्याला चाटू द्या, त्याच्या अंथरुणाजवळ बसा. शिंका, डोळ्यांची खाज, रात्रीचा खोकला, यावर लक्ष ठेवा. हीच आपली हवाईला पाठवलेली पाकिटं.

तीन. शक्य असेल तर वाढलेला कुत्रा बघा. पिल्लू कसं होईल हा अंदाज असतो, दोन वर्षांचा कुत्रा कसा आहे हे समोर दिसतं. निराधार प्राणी सांभाळणाऱ्यांकडे, ते कुत्र्याबरोबर रोज राहिलेले असल्याने, मुलं आली की हा काय करतो हे विचारता येतं. काही ठिकाणी थोडे दिवस सांभाळून बघायचीही सोय असते. आपल्या गल्लीतल्या देशी कुत्र्यांचा मोसमात केस गळण्याचा त्रास होतो, पण जटांचा आणि कापण्याचा खर्च नाही, आणि आपली हवा त्यांना मानवते.

चार. पिल्लूच विकत घेणार असाल तर त्याच्या आईला भेटायचा आग्रह धरा, आणि आईबापांच्या कंबरेच्या सांध्यांचे, डोळ्यांचे तपास झालेत का ते विचारा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर उठून या.

पाच. विंचरणार कोण, फिरवणार कोण, गावी जाताना सांभाळणार कोण, हे नावानिशी ठरवा. ‘आपण सगळे’ हे उत्तर धरू नका.

आणि यातलं काही चुकलं तर काय होतं, तेही सांगतो. फोन परत करता येतो. कुत्रा परत करताना एक मूल दारात उभं असतं आणि ज्याने तिच्या उशाशी झोपायची सवय लावून घेतली तो जिन्यावरून वळून बघत असतो. दोघांपैकी कुणालाच कळत नसतं की आपलं काय चुकलं. चूक त्यांची नसतेच. मोठ्यांनी नाव वाचलं आणि तपासणी वगळली, एवढंच झालेलं असतं.

सुलतान त्या हवाईच्या घरात राहिला तो लॅब्राडूडल होता म्हणून नाही. त्याची दोन भावंडंही लॅब्राडूडलच होती. तो राहिला कारण त्या एका पिल्लाला, त्या एका माणसासाठी, कुणीतरी आधी तपासून पाहिलं होतं. तेवढी तसदी आपण घेतली तर यादीतल्या नावाला फारसं महत्त्व उरत नाही.

आजच्या भागापुरतं एवढंच. घरात सध्या कुत्र्यावरून वाद चालू असेल तर हा भाग वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि गल्लीतल्या कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं भरून ठेवा.